दहा सेंटिमीटर खाली

बाथरूमच्या टाइलवर क्षारांचा पांढरा डाग होता, पाच बोटांचा. जमिनीपासून एकशे ऐंशी सेंटिमीटर उंच. लांबी चोवीस, माझ्या नवऱ्याचा, नीरजचा, पंजा एकोणीस भरतो.

मी तो व्हिनेगरने पुसला. महिन्याभराने तो पुन्हा उमटला, दहा सेंटिमीटर खाली. मग दर महिन्याला तसंच.

"बोअरचं पाणी जड आहे, दुसरं काही नाही," मी म्हणाले.

"अख्खी बिल्डिंग हेच पाणी वापरतेय, मॅडम. क्षारांना बोटं आपल्याच घरात फुटतात का?" नीरज म्हणाला.

मीरा रोडचं हे घर सोडू या, असं नीरज सहा महिने म्हणतोय. पाणी तपासल्याचा अहवाल पुढे करून मी टाळतेय.

गेल्या महिन्यात डाग नव्वदवर होता. आमची चार वर्षांची इशिता एक मीटर उंच आहे.

आज सकाळी टाइल स्वच्छ होती. मला बरं वाटलं. इशिताला आंघोळ घालून मी टॉवेल घ्यायला वळले.

"आई, ओढू नको ना. हात दुखतोय."

मी तिला हात लावलेला नव्हता. तिच्या ओल्या मनगटाभोवती पाच लांब, पांढरी बोटं सुकत होती.

"नीरज," मी हाक मारली, "आपण हे घर सोडतोय. आत्ताच."