काचेवर टकटक करू नका

अकरा वाजले तरी महेंद्रचा पत्ता नव्हता, आणि टाक्यांमागच्या बोळाला कुलूप तसंच.

हिमानीने चौथ्यांदा फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. उल्हासनगर कॅम्प चारच्या शाळेची बावीस पोरं दारात येऊन ठेपली होती. अंबरनाथचं हे छोटं मत्स्यालय उघडायचं फक्त रविवारी, म्हणजे आजचा खेळ उद्यावर ढकलायचीही सोय नाही.

खेळ तसा साधा. नदीतून नाहीसे होत चाललेले मासे, चार टाक्या, चार कोडी. कोडं सुटलं की टाकीच्या मागच्या काचेवर एका अक्षराचं कार्ड दिसायचं. कार्ड लावायला मागच्या बोळात कुणीतरी उभं लागायचं, आणि चार वर्षं ते काम महेंद्रचं. त्याचे वडील भीमरावकाका इथल्या माशांना रोज खाणं घालत. बोळाची एकुलती एक चावी त्यांच्याच शर्टाच्या खिशात. त्यांनी शब्द टाकला म्हणून तर इथे खेळ घ्यायची परवानगी मिळाली होती.

भांडण हिमानीनेच काढलं होतं, खोटं कशाला बोला. महिन्याभरापूर्वी महेंद्र म्हणाला, "नदीकाठी पण एक इव्हेंट करू ना, माझ्या नावाने." एवढ्यावरून ही बया तडकली. बोलणं बंद. आणि गुरुवारी त्याचा मेसेज आला: "रविवारी ११ वाजता बुवापाड्यात जलदान आहे. ये."

रविवारी! तेही अकरालाच! जलदान! नाव मात्र झकास शोधलंय हं, तिला वाटलं. पोरांच्या हातात कळश्या देणार, नदीत पाणी ओतणार, फोटो काढणार. आपला खेळ वाऱ्यावर सोडून पठ्ठ्याने वेगळं दुकान थाटलं तर! हिमानीच्या जिभेला हाड नाही, बोटांना तर त्याहून नाही. तिने टाइप केलं, "तुझं जलदान तुलाच लखलाभ."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. तिला खेळ नको होता, महेंद्र परत हवा होता.

"ताई, चालू करा ना!" ओवी नावाच्या मुलीने तिची ओढणी ओढली.

"करते गं बाई. नियम एकच. काचेवर टकटक करायची नाही, मासे घाबरतात. काय नाही करायचं?"

"टकटक!"

पहिली टाकी मरळ माशांची. आज ते तळाशी निपचित पडून होते. पोरांनी कोडं चटकन सोडवलं. भीमरावकाकाही दिसत नव्हते, लेकाच्या कार्यक्रमाला गेले असणार. आता अक्षर वहीच्या कागदावर लिहून दाखवावं लागणार, म्हणून हिमानी पेन शोधू लागली.

टक. टक.

मागच्या काचेवर वाजलं. हिरवट पाण्याच्या पलीकडे एक हात हलला आणि काचेवर कार्ड टेकलं: म. तळाचे मासे सगळे एकदम उसळून त्या काचेकडे धावले.

"आला!" हिमानी जोरात म्हणाली. तिला हसूच फुटलं.

"ताई, मागचे काका टकटक करतायत! त्यांना आऊट करा!" ओवी ओरडली.

"बघतेच त्याला!"

दुसऱ्या टाकीला तेच. टक, टक, आणि हा. तिसरीला शी. हात पाण्यातून सुरकुतलेला दिसत होता, पण पाण्याआड सगळंच वेडंवाकडं दिसतं. तिकिटाला बसणारा संतोष गेल्याच आठवड्यात कामाला लागला होता. तो हळूच जवळ आला.

"ताई, आत कोण आहे? कुलूप तर बाहेरून आहे."

"दुसरी वाट असेल रे."

चार वर्षांत तिने तिथे दुसरी वाट पाहिली नव्हती. अंगावर काटा आला तिच्या, पण पुढचा विचार तिने केला नाही. महेंद्र आला होता, तिला तेवढं पुरे होतं.

चौथ्या टाकीशी तिने काचेला तोंड लावलं. "सॉरी रे. चुकलं माझं."

हात मध्येच थांबला. मग वरून खाण्याची चिमूट पडली, मासे अधाशासारखे तुटून पडले, आणि कार्ड लागलं: र.

"महाशीर!" पोरांनी एकच गलका केला.

पोरं गेल्यावर तिने बोळाच्या दारावर हाका मारल्या. आतून कुणी ओ दिली नाही. गेला असेल आपल्या जलदानाला, ती मनाशी म्हणाली. स्वतःचा कार्यक्रम सोडून तो आधी इकडे आला होता! तिला भरून आलं. तिने अर्धा किलो पेढे घेतले आणि बुवापाड्याची, महेंद्रच्या घराकडची रिक्षा पकडली.

महेंद्रच्या दारात चपलांचा ढीग होता. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत. ड्रेसकोड पण ठेवलाय, असं मनात येतंय तोच तिला समोर टेबलावर मेणबत्त्या दिसल्या, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं दिसलं, आणि पांढऱ्या फुलांचा हार घातलेला भीमरावकाकांचा फोटो.

"बुधवारी गेले बाबा," महेंद्रची बहीण माया म्हणाली. "झोपेतच. आज पाचवा दिवस, जलदानाचा विधी केला त्यांचा."

हिमानीने पेढ्यांचा पुडा ओढणीखाली लपवला. चार वर्षं ती महेंद्रच्या डब्यातलं जेवली होती, आणि तिला त्याच्या घरचा हा शब्द माहीत नव्हता. लाजेने तिला मान वर करवेना.

महेंद्र बाहेर आला. डोळे सुजलेले.

"मी तुला काय लिहिलं रे..."

"राहू दे. तुला शब्दच कळला नसणार, हे कळलं मला." त्याने खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. "ही बाबांच्या शर्टात राहिली. सकाळपासून इथून हललो नाही मी, आजचा खेळ बुडाला ना तुझा? एक काम कर. बुधवारपासून मासे उपाशी आहेत, त्यांना तेवढं खाणं घालून ये. आणि हे बघ, आधी काचेवर दोनदा टकटक कर. बाबांनी सवयच लावलीय त्यांना, त्याशिवाय ते जागचे हलत नाहीत."