मोडला असता

“‘लगेच थांबवलं नाही’, असं स्पष्ट लिहिलंय, तात्या.” छापखान्याच्या मालकांनी जर्मन कंपनीच्या पत्रातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली. “‘मशीन लगेच थांबवलं नाही. मुख्य दांडा मोडला.’ हे मी म्हणत नाही. ज्यांनी मशीन बनवलं, ते म्हणताहेत.”

तात्या टेबलापुढे उभे होते. चोवीस वर्षं या छापखान्याचं मोठं मशीन तेच चालवत होते. महिन्यापूर्वी ऐन कामात मशीनच्या पोटातून खडखड ऐकू आली आणि त्यांनी मशीन बंद करायचं बटण दाबलं. जवळ दुसरं कोणी नव्हतं. मग कंपनीचा इंजिनीअर आला, दातेरी चाकांची बंद पेटी तशीच उचलून तपासायला घेऊन गेला, आणि आज हे पत्र आलं.

“मी लगेच थांबवलं, मालक.”

“मग दांडा आपोआप मोडला? एवढी वर्षं तुमच्यावर मशीन सोपवून मी निर्धास्त होतो, तात्या. आता कसं सोपवू, तुम्हीच सांगा.”

सकाळपर्यंत तात्यांना पक्कं आठवत होतं. आता त्या टाइप केलेल्या ओळीपुढे त्यांचा त्यांनाच संशय यायला लागला. हात क्षणभर रेंगाळला तर नव्हता?

“एकदा बाईंना दाखवू या,” ते कसंबसं म्हणाले. “त्या शिकताहेत ही भाषा.”

“सहा महिने झालेत त्यांना. मी दोन तास शब्दकोश घेऊन बसलोय.” पण मालकांनी हाक मारली. माणूस वाईट नव्हता. एवढ्या जुन्या माणसाला घरी बसवायचं, तर ते सांगताना शेजारी कोणीतरी असावं, असं त्यांनाही वाटलं असेल.

प्रुफं तपासणाऱ्या बाई कानामागे लाल पेन खोचूनच आल्या. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. शब्द तेच होते. मशीन, नाही, लगेच, थांबवलं. दांडा, मोडला.

“हा पहिला शब्द तुम्ही काय धरलात?” त्यांनी विचारलं.

“‘व्हार’. म्हणजे होता, होतं. शेवटी एक अक्षर जास्त पडलंय आणि वर शाई उडालीय. टायपिंगची चूक.”

“आणि ओळीच्या मध्ये पुन्हा तीच चूक?”

बाईंनी पत्र खिडकीशी नेलं. उडालेली शाई कोणती आणि अनुस्वार कोणता, हे ओळखण्यात त्यांचे डोळे अधू झाले होते. ही शाई नव्हती. अक्षराच्या डोक्यावर नेमके दोन ठिपके होते, गोल आणि सारख्या अंतरावर. दुसऱ्या ठिकाणीही तसेच.

“हे ‘व्हार’ नाही. ‘व्हेरं’ आहे,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

जर्मनच्या वर्गात याच धड्याच्या चाचणीत गेल्या आठवड्यात त्यांची वही लाल झाली होती. हे जर-तरचं वाक्य असेल, तर ‘जर’ कुठे होता? अख्ख्या ओळीत तो शब्दच नव्हता. आपण या माणसाला आशा दाखवायची आणि ती खोटी निघाली तर?

“बाई, काय असेल ते सांगा,” तात्या म्हणाले. “मी ऐकायला तयार आहे.”

बाई डोळे मिटून पुटपुटल्या, “क्रियापद वाक्याच्या तोंडाशी आलं, की... की ‘जर’ गाळतात.” त्यांनी डोळे उघडले. “तात्या, तुम्ही मशीन लगेच थांबवलं नसतं, तर?”

“तर दांडा मोडला असता.”

“बघा! ‘जर’ आपण तरी कुठे म्हटला? हेच लिहिलंय इथे, शब्दाला शब्द.” त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. “‘व्हार’ म्हणजे होतं, झालं. त्याला हे दोन ठिपके दिले आणि शेपटाला एक अक्षर जोडलं, की ‘झालं असतं’. म्हणजेच झालं नाही.”

“मोडला नाही?” मालकांनी विचारलं.

“नाही. पुढे वाचलंत?”

“पुढे...” मालक चाचरले. “पुढे वाचायची गरजच वाटली नाही.”

बाईंनी बोट फिरवत, अडखळत वाचलं, “‘दोष आमच्या बेअरिंगचा आहे.’ इथे साधं ‘आहे’ आहे हं. ‘नवी पेटी पाठवत आहोत. मशीन चालवणाऱ्याला आमचे धन्यवाद कळवा.’”

तात्या भिंतीशी रचलेल्या कागदाच्या रिमांवर बसले. दोन्ही तळवे त्यांनी गुडघ्यांवर ठेवले आणि उजव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, तरी पुन्हा घातला नाही. “तात्या, मी आधीच बाईंना विचारलं असतं, तर—”

“जाऊ द्या, मालक. घरी एक फोन करू का? ती महिनाभर या पत्राची वाट बघतेय.”

मालकांनी फोन त्यांच्याकडे सरकवला. तात्यांचं बोट दोनदा चुकीच्या आकड्यावर पडलं. तिसऱ्यांदा लागला.

“अगं,” ते म्हणाले, “माझी नोकरी गेली असती.”

पलीकडून बारीकसा प्रश्न आला, “गेली?”

“असती! असती म्हणतोय मी! गेली असती!”

“अहो, मग ‘गेली नाही’ असं सरळ सांगायचं ना!” आता तो आवाज मालकांना आणि बाईंनाही ऐकू गेला. “आत्ता जीव गेला असता माझा!”