व्यक्ती मीच आहे

"वैयक्तिक माहिती आहे, बाई. अशी कोणालाही दाखवता येत नाही."

"अहो, पण ती व्यक्ती मीच आहे ना," रत्नप्रभा म्हणाली आणि माहिती अधिकाराच्या अपिलाचा निकाल तिने काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

चंद्रप्रकाश नावाच्या त्या क्लार्कने निकाल दोनदा वाचला. आधार कार्डावरचा फोटो आणि समोरची काळ्या चष्म्यातली बाई ताडून पाहिली. स्वतःचीच फाईल बघण्यासाठी ती सात महिने या कार्यालयाचे जिने चढत होती.

"खोली नंबर?"

"एकतीस."

"इथे बत्तीस आहे."

"बत्तीसच, साहेब," शेजारी उभी असलेली शेवंती म्हणाली. "ही अजून जुनाच नंबर सांगते. सर्व्हेवाले मोजायला उलट्या टोकाने लागले, त्यात आमची अदलाबदल झाली. हिची एकतीस ती बत्तीस झाली, माझी बत्तीस ती एकतीस. टपालसुद्धा चुकीच्या दारात पडतं."

क्लार्क फाईल शोधायला आत गेला. दोघी बाकावर टेकल्या.

घाटकोपरच्या डोंगरावरची त्यांची वस्ती पाडून तिथे इमारत होणार होती. नव्या घरांची यादी लागली तेव्हा शेवंती पात्र आणि रत्नप्रभा अपात्र. कारण एका ओळीचं: खोली बंद असते, तशी तक्रार आली आहे. चौतीस वर्षं त्या खोलीत काढलेली बाई. सर्व्हेवाले दोनदा आले ते भरदुपारी, आणि दुपारी ती अंधेरीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत असते. दाराला कुलूप दिसणार नाही तर काय दिसणार? पण कुलूप तर निम्म्या गल्लीला असतं. मग हिच्याच नावाने बोंब कोणी मारली? महिनाअखेरीला हरकत नोंदवायची मुदत संपत होती. तोवर काही हाती लागलं नाही, तर घर गेलंच म्हणायचं.

घर जाण्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त तिला हे लागलं होतं की लिहिणारा गल्लीतलाच कोणीतरी होता. जिच्या ओट्यावर बसून लोकांनी रेशनचे, गॅसचे, शाळेचे अर्ज लिहून घेतले, तिच्याच पाठीत कोणीतरी सुरा खुपसला. रात्रंदिवस तिला दुसरा विषय नव्हता.

"भाऊच असणार," ती म्हणाली. भाऊ म्हणजे नाक्यावरचा दुकानदार. "ज्या हातांनी लिहिलं ते हात झडतील, बघ तू."

"आधी वाचू तर दे."

रत्नप्रभाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. डॉक्टरांनी वाचायला बंदी घातली होती आणि तारीख तर नेमकी आजचीच पडली. म्हणून शेवंती पवईची दोन कामं बुडवून आली होती. दोघींचं कायम गोडच होतं असं काही नाही. दोन वर्षांपूर्वी मोरीच्या पाण्यावरून अशी जुंपली की वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. मग रत्नप्रभाचा नवरा गेला. शेवंती काही न बोलता तेरा दिवस डबा घेऊन दारात उभी राहिली आणि तो विषय तिथेच मिटला.

चंद्रप्रकाशने फाईल आणून उघडली. "हा तक्रार अर्ज. तक्रारदाराचं नाव पट्टीने झाकलंय. मजकूर वाचा, फोटो काढायचा नाही."

"'माननीय साहेब,'" शेवंतीने सुरुवात केली आणि ती थांबली.

"काय झालं गं?"

"काही नाही. अक्षर छान आहे."

"असणारच. दुकानाआधी भाऊ पाट्याच रंगवायचा, मेला. वाच पुढे."

"'खोली नंबर बत्तीसमधली बाई इथे राहत नाही. महिन्यातून दोनदा येते, मीटर चालू दिसावा म्हणून दिवा लावून ठेवते आणि निघून जाते.'"

"ऐका साहेब. इतकं धडधडीत खोटं. पुढे वाच."

"'बाईचं खरं बिऱ्हाड अंबरनाथला, मुलीकडे आहे.'"

रत्नप्रभाने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"बास गं," ती म्हणाली. "कळलं सगळं. काय करायचंय वाचून? चल, घरी जाऊ."

"अजून आहे ना," शेवंती म्हणाली. तिचा आवाज होता तसाच होता. "'बाई नवऱ्याने टाकलेली आहे. माणसाचा पत्ता नाही. अशीला घर दिलं तर खऱ्या गरजूंवर अन्याय होईल. चौकशी केली तर अख्खी गल्ली सांगेल.'"

"शेवंते, राहू दे म्हटलं ना."

"सात महिने भांडलात ना यासाठी? आता का राहू दे?" चंद्रप्रकाशने कोरा कागद पुढे ओढला. पहिल्यांदाच त्याला या बाईची कीव आली असावी. "इथेच हरकत लिहून घेतो, तुमचं काम होईल. सांगा बाई, अंबरनाथला तुमची मुलगी असते का?"

रत्नप्रभाने काउंटरवरच्या निकालाची घडी घालायला घेतली.

शेवंतीने फाईल मिटली, कडा सारख्या केल्या आणि क्लार्कसमोर सरकवली.

"ह्यांना मुलगी नाही, साहेब," ती म्हणाली. "अंबरनाथची मुलगी माझी. ह्यांचं फक्त अक्षर आहे."