रविवारचा आकडा

इमारत रिकामी होती आणि मीटर पळत होता.

तळघरात त्या मीटरसमोर इंजिनीअरबाई फतकल मारून बसली होती. मांडीवरच्या लॅपटॉपात हीच तीन मजली इमारत तिनं भरली होती. खिडक्या, दिवे, पंखे, माणसं, सगळं मोजून. त्या इमारतीला रविवारी दोन किलोवॅट पुरायचे. खरी इमारत तीन खायची. सहा दिवस दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं जमायचं. रविवार उजाडला की सवती.

या एका किलोवॅटमागे ती तीन आठवडे हात धुऊन लागली होती. तुझ्या इमारतीत रविवारी भूत कामाला येतं, त्याला आधी रजेवर पाठव, असं ऑफिसातले म्हणायचे. साहेब मात्र हसला नव्हता. उद्या सकाळी आकडा जुळला पाहिजे, जास्तीची वीज कोण खातं ते नावानिशी लिहिलेलं पाहिजे, नाहीतर परवा येऊ नकोस. तिच्या घरची चूल तिच्या एकटीच्या जिवावर पेटत होती.

मागे वायरमनकाका उभे होते. तीन आठवडे त्यांनीच शिडी धरली, दिवा न् दिवा मोजून दिला, तासातासाला मीटर वाचून वहीत उतरवला. आज रविवारी मात्र त्यांचं तोंड उतरलं होतं.

"काका, ही मीटरमागची खोली तेवढी राहिली."

"अडगळ आहे, ताई. किल्ली हरवलीय."

दाराच्या फटीतून तिच्या पायांना ऊब लागत होती. अडगळीला थंडी वाजते होय, असं म्हणत ती लॅपटॉप घेऊन उठली आणि तिनं दार ढकललं. किल्ली हरवलेलं दार मुकाट्यानं उघडलं.

आत खाटेवर काकांची बायको. नाकात नळी, उशाशी श्वासाचं मशीन, पायाशी हीटर. दोन्ही एकाच बोर्डावर. काका खाली बघत सांगत गेले. सहा दिवस दवाखान्यात दिवसभर मशीन मिळतं, रविवारी तो बंद. घरी दिवसा वीज टिकत नाही. मशीन थांबलं की हिचे ओठ निळे पडतात.

"मीटर तर तुम्हीच वाचत होतात. रविवारचा आकडा थोडा कमी लिहिला असतात, तर मी इथवर पोचले असते का?"

काका एकदम ताठ झाले, कुणी चोर म्हटल्यासारखे.

"तीस वर्षांत मीटर खोटा लिहिला नाही, ताई."

ती लॅपटॉपकडे बघू लागली. नाव लिहिलं तर ही खोली रिकामी होणार, काकांची नोकरीही जाणार. नाही लिहिलं तर तिची. काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजले, आणि कुणी काही म्हणायच्या आत बोर्डाचं बटण बंद केलं.

मशीनची घरघर थांबली. उघड्या दारातून मीटर दिसत होता. आकडा उतरला आणि थेट दोनावर येऊन थांबला. लॅपटॉपातही दोन. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. खाटेवरच्या बाईनं चादर मुठीत आवळली.

"जुळला का, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात जुळत नाही. बटण लावा, काका."