भिंतीपलीकडची रास्पबेरी

या व्यवहारात घड्याळजींच्या पदरात काय पडायचं, तर शनिवारी दुपारी एक कप चहा, बशीत दोन बिस्किटं आणि समोर बसून टोमणे मारणारं एक माणूस. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या ताब्यात गेल्यापासून त्यांना टोमणेसुद्धा कुणी मारत नव्हतं. त्या मानाने कमाई चांगलीच होती.

भांडवल होतं रास्पबेरीचं. आपल्या उन्हात ती जगायची नाही असं जो तो सांगत असताना त्यांनी ऊन सोसणाऱ्या जातीचं रोप शोधून आणलं, दुपारी सावली पडेल अशा कोपऱ्यात लावलं, बुडाशी वाळक्या पाल्याचा जाड थर दिला. फळं देऊन दमलेली काठी जमिनीलगत छाटायची, नवीला तारेचा आधार द्यायचा. झुडूप बघता बघता माजलं. पिकलेलं फळ बोट लावताच देठ मागे ठेवून हातात यायचं, आणि निम्मी फळं घरात पोचायच्या आधीच संपायची.

झाडाला वाईट खोड एकच. त्याची मुळं जमिनीखालून हिंडतात आणि मनाला येईल तिथे फुटवे काढतात. घड्याळजी ते उपटून फाटकाबाहेर ढीग घालत. एके दिवशी शेजारच्या सिस्टरबाईंनी मधल्या भिंतीवरून हाक मारली. इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वॉर्डातलाच होता.

"घड्याळजी, तुमची काटेरी पाहुणी माझ्या पुदिन्यात उगवलीय."

"असं? येतो आणि काढतो."

"याच. मी नाही हात लावायची. झाड तुमचं, काटे मी का टोचून घेऊ?"

ते कुदळ घेऊन गेले. फुटवा निघाला, घाम निघाला, मग चहा निघाला. सिस्टरबाईंनी त्यांच्या कुदळ धरण्याला नावं ठेवली, शर्टाच्या तुटलेल्या बटणाला नावं ठेवली, आणि जाताना म्हणाल्या, "पुन्हा उगवलं तर सांगेन."

पुन्हा उगवण्याची वाट बघत बसणं घड्याळजींना परवडणारं नव्हतं. झाडाच्या लहरीवर शनिवार कसा सोडायचा? बुधवारी सकाळी सिस्टरबाई दवाखान्यात मदतीला जात. घड्याळजींनी लांब दांड्याचा एक चिमटा तयार केला. स्टुलावर चढायचं, भिंतीवरून गज खाली सोडून मऊ मातीत भोक पाडायचं, चिमट्यात धरलेला फुटवा त्यात अलगद उतरवायचा आणि वरून माती दाबायची. जन्मभर घड्याळांत केसासारख्या बारीक स्प्रिंगा बसवलेला हात होता तो. दर बुधवारी दोन फुटवे लावायचे, शनिवारी काढायला जायचं, असा क्रम बसला.

पण काढताना दोनाचे चार निघू लागले, कधी पाच. मातीच्या ढेकळासकट निघालेले फुटवे टाकायला सिस्टरबाई बादली घेऊन उभ्याच असत. आधी घड्याळजी खूश झाले. झाडही आपल्याच बाजूचं आहे म्हणायचं. मग मात्र धास्तावले. हे तर खरंच पसरत चाललं होतं.

त्यातच एका शनिवारी सिस्टरबाईंनी कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आज खणू नका, सोमवारी गवंडी येतोय. भिंतीलगतची पट्टी सिमेंटची करायची म्हणतो भाचा."

"कशाला?"

"मी त्याला फोनवर सारखी रडगाणी सांगते ना, झाड घुसतंय, झाड घुसतंय. मावशीची कटकट संपेल, वर गाडी लावायला जागा होईल, म्हणाला. आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

"बरोबर आहे," घड्याळजी म्हणाले. बिस्किट चहात पडून विरघळलं, ते त्यांना दिसलंही नाही.

दोन दिवस ते हिशेब मांडत बसले. गप्प बसावं तर शनिवार गेला. खरं सांगावं तर ज्या माणसासाठी शनिवार हवा, त्या माणसाच्या नजरेतूनच उतरायचं. सोमवारी फळांनी भरलेली बशी हातात घेऊन ते शेजारी गेले तेव्हा भाचा टेप धरून उभा होता, गवंडी भिंतीच्या कडेने खणत होता, आणि सिस्टरबाई पायरीवर बसून पुदिना खुडत होत्या.

"थांबा जरा," घड्याळजी म्हणाले. "मला काही सांगायचंय."

"आधी माझं ऐका," गवंड्याने फावडं टेकलं. "या भिंतीचा पाया कमरेइतका खोल आहे. मुळी इकडे येणारच कशी? ही झाडं कुणीतरी आणून लावलीत."

भाच्याने घड्याळजींकडे पाहिलं. "काका?"

"मी लावली," घड्याळजी पायाकडे बघत म्हणाले. "दर बुधवारी दोन. सिस्टर, चूक झाली. पण सगळा दोष माझा नाही. बाकीची आपली आपण आलीत. सगळ्यात पहिला फुटवा तर मी लावलाच नव्हता. तो उगवला नसता, तर मला हे सुचलंही नसतं."

"आपला आपण कसा उगवेल, काका? पाया दाखवतोय ना मी." गवंड्याने वाकून दोन फुटवे सहज उपटले. त्यांची मुळं नुसतीच मातीने माखलेली होती. मग त्याने शेजारचे तीन उपटले आणि तळहातावर धरून बघतच राहिला. तिन्हींच्या मुळांना ओलं बँडेज गुंडाळलेलं होतं, घट्ट, एकसारखं, वर चापून मारलेली गाठ.

पुदिना खुडायचा थांबला. घड्याळजींनी मान वर केली. भाच्याने टेप सोडली, ती सरसर आत गेली.

सिस्टरबाईंनी उठून घड्याळजींच्या हातातली बशी घेतली आणि गवंड्यापुढे धरली.

"घ्या, दादा," त्या म्हणाल्या. "आमच्यापायी तुमचा मात्र दिवस बुडाला."