सकाळी सातचा पक्षी
ऐका ना, सांडोरला हेलन आंटीच्या केळीच्या वाडीत मी आवाज रेकॉर्ड करणारा डबा बांधलेला, आठवतंय? बारा देश मिळून आवाजावरून पक्षी मोजतायत, त्यातलाच तो. तर काल फिनलंडच्या मॅडमचा मेल आला, रोज सकाळी सातला तिथे ओरडणारा पक्षी आमच्या कॉम्प्युटरच्या कुठल्याच यादीत नाही. नवीन पक्षी, यार! त्याला माझंच नाव लागणार, असं मी अख्ख्या पापडी गावाला सांगून मोकळा. आज वाडीतूनच व्हिडिओ कॉल केला, मॅडमनी आवाज लावला: "केऽऽविन! केऽऽविन! जेवलास काय रे?" माझं तोंडच पडलं. बाजूला उभी आंटी म्हणाली, "घरात फोनला रेंज नाय बाबा, म्हणून पोराशी बोलायला केळीखाली येते." मॅडमना मराठी कुठून कळणार! उत्साहात विचारतात, "याची हाक किती लांब जाते?" आंटीला विचारलं, तर म्हणाली, "कॅनडापर्यंत. केविन रोज ओ देतो."