हिरव्या बुचाची कुपी

दुसऱ्या काचपट्टीवरही तपकिरी डाग उमटला होता. मैत्रिणीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि खुर्ची सरकवून तिला जागा दिली.

घरच्या माणसाचा नमुना स्वतः तपासायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियम. म्हणून तिच्या नवऱ्याच्या गाठीचा नमुना तिच्याऐवजी मैत्रिणीकडे गेला होता.

गाठीत एक ठरावीक प्रथिन असेल तरच नवं औषध लागू पडणार होतं. त्या प्रथिनाला चिकटून ते दाखवणारं प्रतिपिंड पहिल्या पट्टीवर तपकिरी रंगलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला होता. पण प्रतिपिंड कधी कधी भलत्यालाच चिकटतं. म्हणून दुसऱ्या वेळी त्यात त्याच प्रथिनाचा, प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा आधी मिसळायचा. प्रतिपिंड त्या तुकड्यातच गुंतून पडतं. मग डाग नाहीसा झाला, तर पहिला डाग खरा.

इथे डाग जागच्या जागी होता.

"पहिला खोटाच म्हणायचा," मैत्रीण म्हणाली. "पुन्हा करून बघितलं असतं गं. पण या खेपेला तुकड्याची एकच कुपी निघाली, आणि औषधासाठी नावं घेणं आज बंद होतंय."

एकच निघाली हे तिला ठाऊक होतं. तुकडे बनवण्याचं काम नवऱ्याचंच. रजेवर जाण्याआधी एवढं हातावेगळं करतो म्हणाला आणि हिरव्या बुचाची कुपी त्याने स्वतः मैत्रिणीच्या हातात ठेवली. जपून वापर, माझी वकिली हीच करणार आहे, अशी थट्टाही केली.

घरी येईपर्यंत तिला रडू आलं नाही. काही वाटतच नव्हतं. मोठे दीर असल्याच उपचारांत झिजून झिजून गेले होते, तेव्हापासून नवरा दवाखान्याचं नाव काढू देत नसे. तुझ्या हट्टापायी हो म्हणतो, असं म्हणून तो या औषधाला तयार झाला होता.

तिने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या हातात होतं ते सगळं तू केलंस," तो म्हणाला. "आता जरा बस माझ्याजवळ."

ती बसली. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून उठली आणि कपडे गोळा करू लागली. दारामागे त्याचा कामावरचा पांढरा कोट रजेपासून तसाच टांगलेला होता. सवयीने तिने खिसे चाचपले.

आत एक पेन होतं आणि हिरव्या बुचाची एक कुपी होती. गळ्यापर्यंत भरलेली, सील न तोडलेली. तिच्यावर त्याच्या अक्षरात याच खेपेचा क्रमांक होता, आणि खाली 'एकूण कुप्या: एक'.